४२ इंची घडीचा पिंजरा: चार नव्या तलंगांसाठी महिनाभर वापरून

पिंजऱ्यावर कुठल्याच कंपनीचं नाव नाही, खोक्यावरही नव्हतं. काळ्या रंगाचा, लोखंडी सळ्यांचा, घडी होणारा, कुत्र्यांसाठी म्हणून जो सगळीकडे विकतात तोच. लांबी ४२ इंच, रुंदी २८, उंची ३०. ऑनलाइन मागवला, ३,८०० रुपये पडले आणि संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या वाडीत पोचायला नऊ दिवस लागले. आमच्याकडे कुत्रा नाही. मला तो नव्या आणलेल्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या, महिनाभर वेगळ्या ठेवायला हवा होता. तेवढ्याच कामासाठी वापरला, तेव्हा त्याबद्दलच लिहिते.

का हवा होता ते आधी सांगते. मागच्या हिवाळ्यात माझ्याकडे चौदा कोंबड्या होत्या. आठवडी बाजारातून दोन चांगल्या दिसल्या म्हणून घेतल्या आणि त्याच संध्याकाळी खुराड्यात सोडल्या. सगळे तसंच करतात, मीही इतकी वर्षं तसंच करत आले होते. सहाव्या दिवशी एक जुनी कोंबडी कोपऱ्यात पिसं फुलवून बसली. दुसऱ्या दिवशी तिची हगवण हिरवी झाली, मग एकीची मान वळायला लागली. दाणा टिपायला जायची आणि चोच दाण्याच्या बाजूला पडायची. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पाहिल्याबरोबर सांगितलं, मानमोडी. पुस्तकात ज्याला राणीखेत म्हणतात तो आजार. आठ दिवसांत माझ्या चौदांतल्या अकरा गेल्या. रोज सकाळी खुराड्याचं दार उघडताना माझा हात थांबायचा. परसात चुना टाकून खड्डे केले ते माझ्या मुलाने, त्याची बारावीची परीक्षा तोंडावर असताना. बाजारातल्या त्या दोघींपैकी एक शेवटपर्यंत अगदी ठणठणीत दिसत होती. दिसण्यावर काही ठरत नाही हे मला तेव्हा कळलं.

जुन्यांतल्या वाचल्या त्या तीन. त्यातली तांबडी खुडूक बसली, तिने पिल्लं काढली, असं करत पावसाळा संपेपर्यंत नऊ झाल्या. अंडी घरापुरती होती, पण मला परत चौदाच्या आसपास जायचं होतं. म्हणून तालुक्याच्याच एका माणसाकडून, जो एक दिवसाची पिल्लं आणून अडीच महिन्यांपर्यंत वाढवून विकतो, चार तलंगा सांगून ठेवल्या. ग्रामप्रिया. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयात तयार केलेली जात आहे, अंगाने हलकी, परसात फिरून खाणारी. त्याच्याकडे लसींची वही होती आणि ती मी आधी पाहिली: लासोटा (मानमोडीची, लहान पिल्लांना देतात ती), गंबोरो (त्याच नावाच्या आजाराची), पुन्हा लासोटा, देवीची लस, आणि आठव्या आठवड्यात आरटूबी (मानमोडीचीच, टोचायची). वही नसती तर घेतल्याच नसत्या. माझ्या नऊ कोंबड्यांनाही आरटूबी टोचून घेतली होती. लसीची बाटली निदान शंभर पक्ष्यांची येते आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते, म्हणून वाडीतल्या पाच घरांनी मिळून एकच दिवस ठरवला आणि लस थर्मासमध्ये बर्फ घालून आणली. हे ज्यांना जमत असेल त्यांनी पिंजरा घेण्याच्याही आधी करावं. पिंजऱ्याने वेळ मिळतो, पण लसीचं काम पिंजरा करत नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तलंगा आल्या. पिंजरा मी गोठ्यात मांडला. आमचा गोठा चार वर्षं रिकामा आहे, खुराड्यापासून साठ-सत्तर पावलांवर, मध्ये काजूची झाडं आणि जांभ्याचा गडगा. पिंजरा उघडायला दोन मिनिटं लागतात, हत्यार लागत नाही. चारी बाजू उभ्या राहतात, आकडे अडकवायचे, झालं. या बाबतीत त्याला पूर्ण गुण. मी एकटी उचलून नेऊ शकते, आणि ही गोष्ट पुढे फार उपयोगाची ठरली.

आता तो आला तसा मात्र वापरू नका. तळाला सळ्यांचीच जाळी आहे, तिच्यावर कोंबडी महिनाभर उभी राहिली तर तळपाय सोलतात आणि गळू धरतं. मी आत दुहेरी गोणपाट घालून वर चार बोटं लाकडाचा भुसा टाकला. बसायला दांडी नसते. फणसाची मनगटाएवढी फांदी, साल न काढता, नऊ इंचांवर आडवी बांधली. पहिल्याच रात्री चौघी ओळीने तिच्यावर बसल्या. सगळ्यात मोठी खोट म्हणजे सळ्यांमधलं अंतर. दीड इंच आहे. त्यातून उंदीर जातो, धामण जाते, मुंगूस पंजा घालून ओढू शकतं. बाहेरून चारी बाजूंना अर्धा इंची जाळी तारेने आवळून बांधली, तेवढ्यासाठी सहाशे रुपये वेगळे गेले. विकणाऱ्याने हे लिहायला हवं होतं असं मी म्हणणार नाही, त्याने कोंबड्यांसाठी विकलाच नव्हता. पण तुम्ही कोंबड्यांसाठी घेणार असाल तर हे सहाशे किमतीत धरूनच घ्या.

चार तलंगांना जागा पुरते, पाचवी घालू नका. आठ चौरस फुटांत चौघी म्हणजे प्रत्येकीला दोन फूट, तेही महिनाभरच. मोठ्या कोंबड्या असतील तर तीनच.

पहिल्या दिवशी खायला काही दिलं नाही, फक्त गुळाचं पाणी. संध्याकाळी मूठभर मका भरडा. सासूबाई गोठ्याच्या दारात येऊन बघून गेल्या. म्हणाल्या, "अगं, माणसांना कोंडल्यासारखं काय कोंडतेस? सोड त्यांना, बघ कशा बघतायत." मी म्हटलं, "आई, तुळशीच्या लग्नापर्यंत थांबूया." त्या काही बोलल्या नाहीत. मागच्या वर्षीचे खड्डे त्यांनीही पाहिले होते.

माझी रोजची पद्धत अशी होती. सकाळी आधी जुन्यांचं सगळं आटपायचं: दाणा, पाणी, अंडी. मग नव्यांकडे. नव्यांकडून परत जुन्यांकडे त्या दिवशी जायचं नाही. गोठ्याच्या दारात जुनी रबरी चप्पल आणि यांचा एक फाटका शर्ट ठेवला होता, आत जाताना तो घालायचा, येताना तिथेच काढायचा, हात साबणाने. पाण्याचं भांडं वेगळं, खोरं वेगळं, टोपली वेगळी. पिंजऱ्याचा ट्रे बाहेर ओढता येतो म्हणून विष्ठा रोज नीट पाहता येते. या कामासाठी ही सर्वात चांगली सोय आहे. मी रात्री दांडीखालचं गोणपाट बाजूला करून ट्रेवर वर्तमानपत्र घालायचे आणि सकाळी त्यावर पडलेलं पाहायचे. घट्ट, वर पांढरी टोपी, म्हणजे ठीक. दिवसातून एक-दोनदा चॉकलेटी पातळ पडते, ती आतड्याच्या पिशवीतली असते, तिला घाबरायचं नाही. हिरवी, रक्ताची, किंवा पाण्यासारखी आली की फोन करायचा.

दर रविवारी वजन. ताणकाट्याला कापडी पिशवी अडकवून तलंग तिच्यात घालायची, ती गप्प राहते. पहिल्या रविवारी चौघी ८८० ते ९७० ग्रॅममध्ये होत्या. दुसऱ्या रविवारी तिघी शंभराच्या आसपास वाढल्या आणि एक, जिच्या मानेवर पांढरे ठिपके आहेत ती, दहा ग्रॅमच. खात होती, पळत होती, तुरा लालसर होता. वजन केलं नसतं तर कळलंच नसतं. डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी चौघींना जंताचं औषध वजनाप्रमाणे पाण्यातून द्यायला लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रेवर पाहिलं तर शेवयांसारखे पांढरे जंत, बोटाच्या दोन पेरांएवढे लांब, काही अजून वळवळत होते. मोजले, सतरा. कागदासकट जाळून टाकले. हेच खुराड्याच्या मातीत पडले असते तर त्यांची अंडी महिनोन्महिने मातीत राहिली असती आणि माझ्या नऊच्या नऊ कोंबड्यांनी ती टिपली असती. तो ट्रे हातात धरून मी बराच वेळ तिथेच उभी होते.

त्याच सुमारास नवव्या रात्री शिंक ऐकली. हे मला डॉक्टरांनी शिकवलं होतं: रात्री बॅटरी न लावता जायचं, दाराशी उभं राहायचं आणि पाच मिनिटं नुसतं ऐकायचं. दिवसा कोंबडी आजार लपवते, रात्री झोपेत श्वास लपवता येत नाही. छातीत खुरखुर आहे का, शिट्टीसारखा आवाज आहे का, हे अंधारातच कळतं. मला खुरखुर ऐकू आली नाही, पण शिंक तीनदा आली. सकाळी एकेकीला काखेत धरून पाहिलं: नाकाला ओल नाही, डोळ्यांत फेस नाही, चोच उघडून श्वास घेत नाहीत. डॉक्टर म्हणाले, "ताई, आधी भुसा बदलून बघा." सुतारकामाचा बारीक भुसा होता, उकरला की धूळ उडायची. तो काढून भाताचं तूस आणि वाळलेला पाला टाकला. तिसऱ्या रात्री शिंका थांबल्या. खरंच आजार निघाला असता तर तीस दिवसांची मोजणी पुन्हा एकपासून सुरू करायची हे ठरलेलं होतं.

इथेच पिंजऱ्याची दुसरी तक्रार. त्याच्या प्लास्टिकच्या ट्रेला दुसऱ्या आठवड्यात तडा गेला. मी तो रोज धुऊन उन्हात ठेवत होते, दगडावर आपटला नव्हता. विकणाऱ्याला फोटो पाठवले, दोनदा आठवण करून दिली, ट्रे आला नाही. शेवटी देवरुखला पत्र्याचं काम करणाऱ्याकडून जस्ती पत्र्याचा ट्रे करून घेतला, कडा वळवून, साडेतीनशेला. तो उत्तम आहे, धुवायला सोपा, आणि उंदीर कुरतडत नाहीत. दाराची कडीही कच्ची आहे. नुसती सरकपट्टी, हलली की आपोआप वर येते. तिला भोक पाडून छोटं कुलूप लावलं.

दिवाळी मधे आली. लक्ष्मीपूजनाच्या रात्री वाडीत फटाके वाजले तेव्हा पिंजऱ्यावर तिन्ही बाजूंनी ओलं करून पिळलेलं गोणपाट टाकलं आणि मी आत जाऊन त्यांच्याशी बोलत बसले. पहिल्या माळेला चौघी एका कोपऱ्यात एकमेकींवर चढल्या. नंतर माझ्या आवाजाने असेल, किंवा काळोखाने असेल, शांत झाल्या. त्या रात्रीपासून ठिपकेवाली माझ्या हातातून दाणा घ्यायला लागली.

शेवटच्या आठवड्यात जे केलं ते करताना मला सगळ्यात जड गेलं. नव्या कोंबड्या स्वतः ठणठणीत असतात पण आजार अंगात बाळगून असतात, हे मागच्या वर्षी झालंच होतं. ते कळण्याचा एक उपाय म्हणजे जुन्यांतली एक कोंबडी नव्यांत नेऊन ठेवायची. आठ-दहा दिवसांत ती आजारी पडली नाही तर बाकीच्यांना सोडायला हरकत नाही. म्हणजे एकीचा जीव पणाला लावायचा. कोणाचा? तांबडी नाही, ती मागच्या वर्षीच्या तिघींतली, आणि आजाराला पुरून उरलेली म्हणून या कामाला तशीही उपयोगाची नाही. अंड्यावरच्या दोघी नाहीत. शेवटी कवडी नेली, या पावसाळ्यातलं पिल्लू, वयाने तलंगांएवढीच, अजून अंड्यावर न आलेली. पिंजऱ्याचं दार अठरा इंच रुंद आहे, तिला धरून आत ठेवताना पंख अडकले नाहीत. आठ दिवस पाच झाल्या, जागा थोडी आखूड पडली, म्हणून दुपारी दोन तास पिंजऱ्याचं दार गोठ्यातच उघडून ठेवायचे. मी रोज सर्वात आधी कवडीकडे पाहायचे. ती खात राहिली. तुळशीचं लग्न लागलं त्या दिवशी ३० दिवस पूर्ण झाले, कवडी ठीक होती.

त्यानंतर पिंजऱ्याने जे काम केलं त्यासाठी मी त्याला पुन्हा ३,८०० देईन. गोठ्यातच सगळा घासून धुतला, ब्लीचिंग पावडरचं पाणी मारलं, दोन दिवस उन्हात वाळवला आणि उचलून खुराड्यासमोरच्या कुंपणात, जुन्या कोंबड्यांच्या मधोमध ठेवला, पाचही जणी आत. जाळीतून दिसतं पण चोच पोचत नाही. पहिले दोन दिवस तांबडी पिंजऱ्याभोवती मान ताठ करून फिरत होती, मानेची पिसं उभी. तिसऱ्या दिवशी तिने लक्ष द्यायचं सोडलं. मी मुद्दाम दोन्हीकडचं खाणं जाळीला लागून ठेवलं, म्हणजे एका बाजूने त्या आणि दुसऱ्या बाजूने या, एकाच वेळी टिपतील. अर्धा इंची जाळी बांधलेली होती हे इथे दुसऱ्यांदा कामी आलं. नुसत्या सळ्या असत्या तर डोकी आरपार गेली असती आणि तुरे फुटले असते.

आठव्या रात्री, सगळ्या दांडीवर झोपल्यावर, अंधारात एकेक तलंग काढून दांडीच्या टोकाला बसवली, जुन्यांच्या ओळीला लावून. कवडी मधे. उजाडायच्या आत उठून मीच दार उघडलं, कारण खुराड्यात जागा कमी असते आणि पहिली झटापट तिथेच होते. कुंपणात तीन ठिकाणी दाणा, दोन ठिकाणी पाणी, भिंतीला एक पत्रा तिरका लावून ठेवला की मागे पळता यावं, आणि मधे दोरीला कोबीचा गड्डा टांगला. तीन दिवस पाठलाग झाले. टोचणं, पळवणं चालतं, ते व्हावंच लागतं. माझा नियम एकच होता, रक्त आलं किंवा कोणी कोपऱ्यात डोकं घालून उभी राहिली की मधे पडायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी तांबडीने ठिपकेवालीचा तुरा फोडला. हळद-खोबरेल लावलं, आणि ठिपकेवालीला वेगळं न करता तांबडीलाच उचलून पिंजऱ्यात ठेवलं, गोठ्यात, तीन दिवस. परत आली तेव्हा बाकीच्यांची घडी बसली होती आणि तिला स्वतःची जागा पुन्हा मागावी लागली. त्यानंतर रक्त आलं नाही.

खाण्याचं एक सांगून ठेवते, कारण मला कोणी सांगितलं नव्हतं. अंड्यावर न आलेल्या तलंगांना अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य चालत नाही, त्यातला चुना त्यांच्या मूत्रपिंडाला जड जातो. मी सगळ्यांनाच वाढीचं खाद्य ठेवलं आणि अंड्यावरच्यांसाठी खाण्याच्या शिंपल्यांची कवचं (आमच्याकडे त्यांना तिसऱ्या म्हणतात) भाजून, कुटून वेगळ्या वाटीत. ज्यांना हवं त्या बरोबर तिथे जातात.

गंज धरतो का, हे कोकणातले लोक विचारणारच. धरतो. सांध्यांवरचा काळा रंग महिनाभरात उडाला, तिथे तांबूस झालंय. मी सांधे घासून रेड ऑक्साइड मारला आहे. पावसाळ्यात उघड्यावर ठेवू नये. आणि ज्यांच्याकडे रिकामा गोठा, मागची पडवी, काहीच नसेल, खुराड्यापासून दहा पावलांवरच पिंजरा ठेवावा लागणार असेल, त्यांनी तो घेऊ नये. तेवढ्या अंतरावर वेगळं ठेवल्याचं नुसतं समाधान मिळतं, त्यापेक्षा नात्यातल्या कोणाच्या आवारात महिनाभर ठेवा. कुठेही दोन-चार पक्षी एकदम मेले तर मात्र पिंजरा, औषध काही बघत बसू नका, कोणाला विकू नका, ओढ्यात टाकू नका, सरळ पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. २००६ साली नवापूरला आणि २०२१ साली परभणी जिल्ह्यात मुरुंब्याला बर्ड फ्लू निघाला, तेव्हा आजूबाजूच्या परसातल्या कोंबड्याही माराव्या लागल्या होत्या.

पाचपैकी साडेतीन. एक गुण ट्रेचा आणि कडीचा कापला, अर्धा गंजाचा. जाळी, ट्रे धरून एकूण खर्च ४,७५० झाला.

पिंजरा आता खालच्या घरच्या काकूंकडे आहे. त्यांनी दोन कोंबड्या आणि एक कोंबडा आणलाय, आज त्यांचा अकरावा दिवस. देताना ब्लीचिंगने धुऊन दिला, परत येईल तेव्हाही आधी दोन दिवस गोठ्याबाहेर उन्हात राहील, मगच आत. ताणकाटाही त्यांनाच दिलाय, रविवारी लागतो.